दाराला कूलर

पावसाळा तोंडावर आला होता आणि महादेवरावांजवळ ताडपत्री एकच होती. एका बाजूला सिमेंटची पोती, दुसऱ्या बाजूला सागवानाच्या फळ्या. महादेवरावांनी विचार केला. (ही त्यांची जुनी खोड. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर कारकुनी केली, तिथे या खोडीला वाव मिळाला नाही. रिटायर झाल्यावर ती गजकर्णासारखी उसळली.) सिमेंट भिजलं तर त्याचा दगड होतो. सागवान भिजलं तर काय होतं? झाड होतं तेव्हा जन्मभर पावसातच उभं होतं की! तेव्हा कोण गेलतं त्याच्यावर छत्री धरायला?

झालं. त्यांनी फळ्यांवरची ताडपत्री ओढली आणि पोत्यांवर घातली. खून केला नाही, दरोडा घातला नाही, बिचाऱ्यांनी फक्त ताडपत्री इकडची तिकडे केली.

पण त्या फळ्या साध्या नव्हत्या. महादेवरावांच्या मंडळी शकुबाई हिंगणीच्या. बोरच्या जंगलाला लागून त्यांच्या वडिलांचं वावर. शकुबाई जन्मल्या त्या साली वडिलांनी बांधावर, धुऱ्यावर, सागाचं रोप लावलं आणि चार माणसांत बोलून ठेवलं, "माही शकू ज्या घराची मालकीण होईन, त्या घराचं दार या झाडाचं." पोरगी वाढली, झाडही वाढलं. पोरगी लग्न होऊन हिंगणघाटला गेली आणि महादेवरावांच्या कृपेनं जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिली. झाड धुऱ्यावर वाट पाहत उभं. वडील गेले, तरी झाड उभंच. शेवटी म्हातारपणी वर्ध्याला नालवाडीत प्लॉट घेऊन घराचा पाया खणला, तेव्हा शकुबाईंचे थोरले बंधू प्रभाकरराव यांनी रीतसर परवानगी काढून झाड तोडलं, आरा मशीनवर चिरलं आणि फळ्या टेम्पोत घालून पाठवल्या. शकुबाईंनी टेम्पोला कुंकू लावलं. ड्रायव्हरलाही लावणार होत्या, पण तो लाजून मागच्या मागे सटकला.

त्यांच्या माहेरची रीतच तशी होती. बहिणीच्या नव्या घराचं दार भावानं द्यायचं आणि गृहप्रवेशाच्या दिवशी ते दार भावानंच स्वतःच्या हातानं उघडायचं. मग बहिणीनं डोक्यावर कलश घेऊन आत पाऊल टाकायचं. आदल्या रात्री दार लावलं की तोवर बंद. नवऱ्यानंसुद्धा मागच्या दारानं ये-जा करायची. (नवऱ्याला मागचं दार, ही रीत बऱ्याच घरांत गृहप्रवेशानंतरही चालू राहते.)

"टाइल तुमची, नळ तुमचे, रंग तुमचा," शकुबाईंनी बांधकामाच्या पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली होती. "दार तेवढं माहं."

एवढं एक दार सांभाळायचं होतं. तेही फळ्यांच्या रूपात, म्हणजे पळून जायची भीती नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी महादेवराव हातात टेप घेऊन फळ्या मोजायला गेले. वरची फळी धरली आणि त्यांचा अंगठा फळीच्या आत गेला. त्यांना वाटलं, आपल्या अंगठ्यात एवढी ताकद कधी आली? दुसरा अंगठा लावून पाहिला. तोही गेला. मग फळी उलटी केली. वरून फळी होती, आतून भुसा. सगळा ढीग उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाऊन, पचवून, वरचा पापुद्रा तेवढा शिष्टाचार म्हणून ठेवला होता.

महादेवराव धावत गेले आणि पोत्यांवरची ताडपत्री आणून फळ्यांवर नीट, चारी कोपरे दाबून पांघरली. (आता!)

घरी शकुबाई करंज्या तळत होत्या. "मोजल्या का फळ्या? पुरतीन ना?"

"पुरतीन," महादेवराव म्हणाले. "उरतीन."

इथेच सांगून टाकलं असतं तर एक रात्र उपाशी झोपावं लागलं असतं, फार तर दोन. पण समोर ती बाई करंजीच्या कडा दाबत आपल्या बापाच्या झाडाबद्दल बोलत होती. "दाराच्या वरच्या पट्टीवर बाबाचं नाव कोरू का, काहो?" असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी गरम करंजी तशीच तोंडात घातली. बोलावं लागू नये म्हणून. पोळली.

भाऊबीजेला दोघं हिंगणीला गेले. प्रभाकररावांच्या ओसरीत नवी कोरी बंगई टांगलेली होती. पितळी कड्या, चार बोटं जाड फळी, आणि फळीवर अशी नक्षी की पाणी वाहतंय असं वाटावं. महादेवराव आपल्या पापाच्या ओझ्यानं वाकलेले, त्यात समोर साळा. काहीतरी गोड बोलणं भाग होतं. ते बंगईवर बसले, पायानं झोका घेतला आणि म्हणाले, "वा प्रभाकरराव! काय लाकूड हाय! तुमच्या बहिणीचं दार बी असंच उठून दिसन बरं!"

प्रभाकररावांच्या हातातला चहा बशीत सांडला, बशीतून धोतरावर सांडला.

"बसा ना तुम्ही बी," महादेवराव सुलोचनाबाईंना म्हणाले. या प्रभाकररावांच्या मंडळी.

"तुम्हीच बसा भाऊजी," सुलोचनाबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या. "मी नाई बसत तिच्यावर."

महादेवरावांना वाटलं, बाईला चक्कर येत असेल.

परत येताना बसमध्ये शकुबाई झोपल्या आणि महादेवरावांना मार्ग दिसला. वर्ध्यात धनंजय नावाच्या पोराचं नव्या तऱ्हेच्या दारांचं दुकान होतं. दुसऱ्याच दिवशी महादेवराव तिथे हजर.

"काका, लाकडाचा जमाना गेला," धनंजय म्हणाला. "हे कंपोझिट. लाकडाचा भुसा अन् प्लास्टिक एकत्र शिजवायचं, दाबायचं, वरून डिझाइन. उधई येते, वास घेते अन् वापस जाते. पाण्यात बुडवून ठेवा, फुगलं तर माह्या तोंडावर आणून मारा."

"सागवानासारखं दिसन का?"

"सागवानासारखं? काका, याच्या बाजूले खरं सागवान ठेवा, लोक खऱ्यालेच नकली म्हणतीन!"

महादेवरावांनी हात फिरवला. रंग तोच, रेघा त्याच, मधोमध एक देखणी गाठ. पाण्याचं विचारलं, उधईचं विचारलं, कड्या-कोयंड्याचं विचारलं. उन्हाचं विचारलं नाही. वर्धा जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसानं नवी वस्तू घेताना उन्हाचं विचारू नये म्हणजे कमालच झाली. पण दिवाळीची थंडी पडली होती, आणि थंडीत आपल्याकडच्या माणसाला ऊन हा शत्रू वाटत नाही, दूरचा नातेवाईक वाटतो.

मनाची समजूतही त्यांनी पटकन घातली. भुसा म्हणजे शेवटी लाकूडच. आपल्या लाकडाचा भुसा उधईनं केला, यांच्या लाकडाचा मशीननं. फरक एवढाच.

आता उरलं नाटक. त्यात दुसरं पात्र होतं नत्थू सुतार. नत्थूच्या एका गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, त्यामुळे तो अर्ध्या तोंडानं बोलायचा आणि पूर्ण तोंडानं खोटं बोलायचा.

"काका, चिंता करू नका," तो म्हणाला. "काकूच्या डोळ्यादेखत सागवानाचं दार बनवतो."

आणि खरंच बनवलं! रोज सकाळी दुसऱ्या कुठल्या तरी कामावरचा सागवानाचा ढलपी-भुसा पोत्यात भरून आणायचा, मागच्या आवारात पसरायचा आणि आडोशाला, रिकाम्या बाकावर रंधा घसटत बसायचा. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आत किल्ल्याचं महाद्वार होऊन राह्यलं. शकुबाई येऊन तो भुसा ओंजळीत घेत, नाकाशी धरत. "पहा बरं, कसा वास हाय! हिंगणीच्या धुऱ्याचाच वास." त्यांनी तो एका डब्यात भरूनही ठेवला, गृहप्रवेशाच्या होमात टाकायला. भुसा कुण्या वकिलाच्या पलंगाचा होता.

आणि खऱ्या फळ्या? त्या पौषाच्या थंडीत प्लॉटवर शेकोटीत गेल्या. "सेंट्रिंगच्या सडक्या पाट्या हायेत," महादेवराव म्हणाले. शकुबाईंनी हात शेकले, म्हणाल्या, "मस्त जळून राह्यल्या." महादेवरावांना धूर लागला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी सांगितलं.

दार आणलं त्या दिवशीची गंमत तर ऐकण्यासारखी. ते दार आतून पोकळ, मधमाशांच्या पोळ्यासारखं. पोरानं काखेत मारून न्यावं एवढं हलकं. पण सागवान म्हटल्यावर वजन पाहिजे. म्हणून महादेवराव पुढून, नत्थू मागून, दोघं कमरेत वाकून, "हईऽऽशा! सांभाळ! पाय पाह्य!" करत अंगणातून निघाले. महादेवरावांनी तर घामासाठी आधीच तोंडावर पाणी मारून ठेवलं होतं. निम्म्या वाटेत नत्थूला खर्रा थुंकायचा होता. त्यानं हात सोडले, कुंपणापाशी गेला, थुंकला, तोंड पुसलं. इकडे महादेवराव एका हातात दार घेऊन "हईऽऽशा!" करत तसेच पुढे चालले होते.

शकुबाई ओट्यावर उभ्या होत्या. "काहो, एकटेच?"

महादेवरावांनी मागे पाहिलं. "आता... उतार हाय ना इथी," ते म्हणाले.

दार टेकवल्यावर शकुबाईंनी त्याच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवला. "दोन्हीकडं गाठ सेम टू सेम कशी काय?"

नत्थूच्या गालातला खर्रा थांबला.

"एकाच झाडाचं हाय म्हून," महादेवराव म्हणाले. "आता आपल्या पोराचं अन् त्याच्या चुलत भावाचं नाक नाई का सारखं?"

शकुबाईंना ते पटलं. नाकाची गोष्ट आपल्याकडे पटतेच. वरून महादेवरावांनी दाराला अळशीचं तेल चोळलं. कंपोझिटला तेल पाजणं म्हणजे बैलगाडीत पेट्रोल टाकणं, पण वास तर आला. मग नत्थूला बजावून सांगितलं, "फट नको पायजे. सुई बी जाऊ नये. लोकाइनं पाह्यलं पायजे, सागवान कसं बसते." नत्थूनं त्या गारठ्यात दार असं बसवलं की खरंच सुई जाईना. बंद करताना 'टप्' आवाज यायचा, डबीचं झाकण लावल्यासारखा. शकुबाई शेजारच्या बायांना बोलावून तो आवाज ऐकवायच्या.

आठवड्याला प्रभाकररावांचा फोन यायचा.

"जवाईबापू, ते... लाकूड कसं निघालं?"

"एक नंबर! लोखंड!"

"लोखंड?"

"अहो, खिळा जात नाई."

"अस्सं?" मग आवाज उतरवून, "बरोबर पाह्यलं ना तुम्ही?"

महादेवरावांना वाटायचं, साळ्याला संशय आला! मग ते आणखी चढवून सांगायचे. रंध्याला धार टिकत नाही, करवतीचे दात पडले, नत्थूचा खांदा उतरला. प्रभाकरराव जितकं खोदून विचारत, तितकं महादेवरावांचं सागवान कडक. शेवटी शेवटी तर त्या दारावरून हत्ती चालवायचं तेवढं राहिलं होतं.

बापूजी महाराजांनी मुहूर्त काढला तो वैशाखातला, दुपारकडे झुकणारा. महाराज म्हणाले, याच्याइतका चांगला मुहूर्त पुढं नाही. (पुढं त्यांच्या नातवाचं लग्न होतं.)

घर पूर्वेकडे तोंड करून. आदल्या रात्री दार बंद केलं, झेंडूच्या माळा लावल्या, आंब्याचं तोरण बांधलं. सकाळी सूर्य उगवला तो थेट दारावर. वैशाखातला वर्ध्याचा सूर्य, त्याला उगवल्यानंतर तापायला वेळ लागत नाही. तो तापूनच उगवतो. नऊ वाजताच झेंडूंनी माना टाकल्या. दारावर हात ठेवला तर पोळी भाजता आली असती.

प्रभाकरराव आणि सुलोचनाबाई आहेर घेऊन आले. प्रभाकररावांनी पाणी घेतलं नाही, बसले नाहीत, सरळ दाराकडे गेले आणि आ वासून पाहत राहिले.

"हे... हे तेच लाकूड?"

"मंग? तुमच्याच धुऱ्याचं," महादेवराव म्हणाले, पण नजर तोरणावर.

"आम्हीच पाठवलेल्या फळ्या?"

"मंग काय बाजारातून आणल्या?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांना घाम फुटला. वैशाख असल्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

मुहूर्त लागला. मांडवात पाहुणे उभे राहिले. शकुबाई हिरव्या लुगड्यात, डोक्यावर कलश, डोळ्यांत असं पाणी की आता सांडेल की मग. साठीची बाई, पण त्या घडीला धुऱ्यावर बापाचं बोट धरून उभी राहिलेली पोरगी दिसत होती. महादेवरावांना ते पाहवेना. त्यांनी देवाला सांगितलं, आजचा दिवस निभव, मी उद्यापासून खोटं बोलणार नाही. (देवानं हे वाक्य नालवाडीतून आधीही ऐकलं असावं.)

"भाऊ, उघडा दार," बापूजी महाराज म्हणाले.

प्रभाकररावांनी नमस्कार केला, दोन्ही हात लावले आणि चटका बसून मागे घेतले. मग उपरणं हाताला गुंडाळून ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला. दार हललं नाही. दार त्या चौकटीत असं बसलं होतं जसा लग्नात आलेला मावसभाऊ पहिल्या पंगतीत बसतो.

"जोर लावा ना, प्रभाकरराव!"

"लावून राह्यलो ना, जवाई! लोखंड म्हणले होते तुम्ही!"

"मी आतून ओढतो," महादेवराव म्हणाले, आणि नत्थूला घेऊन मागच्या दारानं आत धावले.

आता त्या दाराचा एक गुण धनंजयनं सांगितला नव्हता. आतून पोकळ असल्यानं त्याच्या एका बाजूला बोललेलं दुसऱ्या बाजूला ढोलात बोलल्यासारखं ऐकू यायचं. सागवानाआड माणूस भांडला तरी शेजाऱ्याला कळत नाही. इथे कुजबुजलेलंसुद्धा मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

"ओढ नत्थ्या!"

"ओढून राह्यलो ना काका. हँडलच हातात आलं!"

"काऊन उघडून नाई राह्यलं हे?"

"फुगलं उन्हानं. तुम्हीच म्हणले, सुई जाऊ नये."

"अबे, सागवान उन्हानं फुगते का?"

"इथी सागवान हाय कुठी काका? तुमच्या सागवानाची तर शेकोटी झाली."

"हळू बोल! तिले काय सांगू, उधईनं खाल्लं म्हून? बापाच्या हातचं झाड उधईच्या पोटात गेलं अन् म्या तिच्या दारात प्लास्टिक उभं केलं? मेलो तरी सांगणार नाई मी!"

सगळ्यांनी शकुबाईंकडे पाहिलं. शकुबाई दाराकडे पाहत नव्हत्या. डोक्यावरचा कलश एका हातानं धरून त्या हळूच भावाकडे वळल्या.

"दादा."

"काय वं?"

"बाबाच्या सागवानाले उधई लागली?"

"आता... उधईच ते शकू, ते काय वळख ठेवते?"

"आपल्या गोठ्याचा खांब आज्यानं रोवला हाय. सागाचा. बुड मातीत, शेणात. आजून त्याले उधईनं तोंड लावलं नाई. अन् माह्या फळ्या चार महिन्यांत भुसा?"

प्रभाकररावांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि तेच उपरणं तोंडावर तसंच धरून ठेवलं.

"सांगा ना आता," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नाई तर मी सांगतो. ताई, आरा मशीनवर तुमचं झाड चिरलं, पहिलीच फळी निघाली अन् यायचा जीव तिच्यात गेला. म्हणे, बंगई करतो! मंग बाकीच्याची चौकट, पाठ, हात. संपलं झाड. तुम्हाले पाठवली सालई, जळतणाचं पोचट लाकूड! रंगासाठी काताच्या पाण्यात बुडवून, वरून तेल लावून! भाऊबीजेपासून मी त्या बंगईवर बसली नाई, विचारा!"

आतून महादेवरावांचा आवाज आला. एखाद्या साधूचा यावा तसा, एकदम निष्पाप. "प्रभाकरराव! सालई पाठवली तुम्ही मले?"

"अन् तुम्ही मले फोनवर लोखंड सांगून राह्यले होते!" प्रभाकरराव दारावर ओरडले. "आठ-आठ दिवस झोप नाई मले! मी म्हणलं, सालईचं लोखंड कसं काय झालं? अंधश्रद्धा बसली माही!"

"बहिणीच्या दारावर झुलले तुम्ही!"

"अन् बायकोले तिच्याच फळ्यांवर शेकलं तुम्ही!"

"त्या तुमच्या सालईच्या होत्या!"

"तुम्हाले कुठी माहीत होतं?"

"चूप!" शकुबाई म्हणाल्या. दाराच्या दोन्ही बाजू चूप झाल्या.

लोकांना वाटलं, आता बाई रडणार, कलश फेकणार, निदान भावाच्या डोक्यात तरी. शकुबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे बाबाचं झाड उधईनं खाल्लं नाई?"

"नाई," प्रभाकरराव म्हणाले.

"धड हाय?"

"रोज तेल पाजतो वं. माशी बसू देत नाई."

शकुबाईंच्या डोळ्यांतलं इतका वेळ अडलेलं पाणी तेव्हा सांडलं, आणि त्या चक्क हसल्या. "उद्याच्या उद्या बंगई आणून टांगजो माह्या घरात. झाड माहं हाय. दार नाई तर नाई, घरात येईन ना. आता त्या मागच्या खोलीतला कूलर काढा."

"कूलर?" आतून महादेवराव.

"उन्हानं फुगलं ना? मंग थंडं करा त्याले. मी मागच्या दारानं घरात येणार नाई, सांगून ठेवतो."

अशा रीतीनं नालवाडीत ते दृश्य घडलं, जे पाहिलेली माणसं अजून एकमेकांना फोन करून सांगतात. पाहुण्यांसाठी आणलेला मोठा कूलर मागच्या दारानं फिरवून पुढे आणला. शेजाऱ्याकडून वायर ओढली. रसवंतीवाल्याकडचा बर्फ टाकला. आणि भर वैशाखात शे-दीडशे माणसं उन्हात घाम पुसत उभी, नि कूलर दारासमोर! गार वारा दाराला, वाळ्याचा वास दाराला. सुलोचनाबाई मधूनमधून दारावर तांब्यानं पाणी टाकत होत्या, ताप चढलेल्या लेकराच्या कपाळावर टाकावं तसं. बापूजी महाराज "मुहूर्त चालला, मुहूर्त चालला" म्हणत होते. मग सरकत सरकत कूलरच्या बाजूला आले, वारा लागला, आणि पंचांग पुन्हा पाहून म्हणाले की मुहूर्त अजून पुष्कळ आहे.

आत महादेवराव दोन्ही हातांनी दाराची कड धरून, पाय भिंतीला लावून ओढत होते. बाहेरून प्रभाकरराव ढकलत होते. दोघंही एकमेकांवरचा राग दारावर काढत होते, त्यामुळे जोर चांगला लागत होता. एकाएकी दाराला गारवा मानवला. 'टप्' झालं, दार उघडलं, प्रभाकरराव रीतीप्रमाणे आधी आत आले, पण पोटावर. त्यांच्याखाली महादेवराव, पाठीवर आडवे, छातीवर झेंडूची माळ.

शकुबाई उंबरठ्यावर आल्या. खाली पाहिलं.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पाया नका पडू. लोकं पाहून राह्यले."

महादेवराव उठले. धूळ झटकली. शेवटी म्हणाले, "शकू, चुकलो. हे दार उद्याच काढतो. जिथून म्हणशीन तिथून सागवान आणतो."

शकुबाईंनी दारावर बोटानं ठोकून पाहिलं. पोकळ वाजलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मले सवय हाय. वरून सागवान, आतून भुसा, अन् जरासं ऊन लागलं का फुगून बसते. चाळीस वर्षं एक सांभाळलं, आता हे एक."

आणि कलश घेऊन आत गेल्या. होमात डब्यातला भुसाही टाकला. नत्थूनं तो कुठला हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्या तोंडात खर्रा होता म्हणून वकिलाचा पलंग वाचला.

बंगई दुसऱ्या दिवशी आली. टेम्पोला शकुबाईंनी पुन्हा कुंकू लावलं. प्रभाकररावांनी स्वतः कड्या टांगल्या आणि त्यांना पहिला झोका घेऊ दिला. दुसरा मागितला तर मिळाला नाही. बंगईच्या पाठीवर आता वडिलांचं नाव कोरलं आहे. शकुबाई दुपारी तिच्यावर बसून वाती वळतात, आणि त्या खोलीत दुसरं कोणी बसलं तर त्याला आधी हात धुवून यायला सांगतात.

दार तेच आहे. हिवाळ्यात गुणी, पावसाळ्यात गुणी. उन्हाळ्यात सूर्य वर चढला की रुसतं. नत्थू दर वर्षी म्हणतो, "काका, थोडं तासून देतो," आणि दर वर्षी शकुबाई म्हणतात, "काही गरज नाई."

परवाचीच गोष्ट. महादेवराव बाजारातून भाजी घेऊन आले तोवर ऊन चढलं होतं. मागच्या दाराला आतून कडी होती. पुढचं ढकललं, हललं नाही. मग त्यांनी मुकाट्यानं ओट्यावरच्या कूलरचं बटण दाबलं, त्याचं तोंड दाराकडे वळवलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बाजूच्या पायरीवर बसले. पायरीवर वारा येत नव्हता. त्यांनी कूलर जरासा आपल्याकडे फिरवून पाहिला.

"दाराकडंच राहू द्या!" आतून आवाज आला. त्या दारातून सगळंच ऐकू येतं.

तेवढ्यात रस्त्यानं धनंजय गाडीवर चालला होता. तो थांबला. "काय काका, उन्हात काऊन बसले?"

"दार थंडं होऊन राह्यलं," महादेवराव म्हणाले.

आत बंगईची कडी करकरली.

"दोघं बी होऊ द्या," शकुबाई म्हणाल्या. "मंग उघडतो."